गल्लीतला वेग कोण ठरवतो?

वेगमर्यादेचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे थेट महामार्गावर जाते. एक्स्प्रेस-वेवर कॅमेरे बसले, दंडाचे मेसेज येऊ लागले, १०० की १२० यावर वाद रंगतो. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखाली रोज जो रस्ता असतो तो महामार्ग नसतो. तो दारासमोरचा, आठ-दहा फुटांचा, एका बाजूला गटार आणि दुसऱ्या बाजूला ओटे असलेला रस्ता असतो. मुले मक्तबला त्यावरून जातात, म्हातारे फजरला अंधारात त्यावरून मशिदीकडे निघतात, बायका पाण्याच्या बादल्या घेऊन तो ओलांडतात. या रस्त्यावर गाडी किती वेगाने जावी? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे कोणी ठरवायचे?

या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासात शोधत गेलो. गल्लीतून गाडी सुसाट जाणे हा काही निसर्गनियम नाही. कुठे, केव्हा, कोणी तरी तसे ठरवले, किंवा ठरवायचे टाळले. आणि जिथे वेगळे ठरले, तिथे ते कसे ठरले हेही नोंदलेले आहे.

सुरुवात मोटारीपासून करू नये. मोटार येण्याआधीही माणसे रस्त्यावर चिरडली जात होती, घोड्यांखाली आणि गाड्यांखाली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे २७९ वे कलम टांग्यांच्या काळातले आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला किंवा घोडा फेकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि हेच कलम २८१ या क्रमांकाने तिच्यात बसले. मजकूर जवळपास तोच, शिक्षाही तीच. या कलमात वेगाचा आकडा नाही. बेदरकारपणा कशाला म्हणायचे ते कोर्टात ठरते आणि प्रकरण कोर्टात पोचते ते बहुधा कोणीतरी जखमी झाल्यावर किंवा गेल्यावर. म्हणजे हा कायदा रस्त्यावर उभा राहून गाडीला हळू करत नाही. तो नंतर येतो.

याच टांग्या-घोड्यांच्या जगातला एक जुना विचार आपल्या मदरशांत आजही शिकवला जातो, पण त्याचा संबंध आपण रस्त्याशी जोडत नाही. बाराव्या शतकात फरगाना खोऱ्यातल्या बुऱ्हानुद्दीन मरगिनानी यांनी ‘हिदाया’ हा हनफी फिकहचा ग्रंथ लिहिला. भारतात तो शतकानुशतके अभ्यासक्रमात आहे, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयांसाठी त्याचा इंग्रजी अनुवादही १७९१ मध्ये झाला. त्यात स्वाराच्या जबाबदारीची चर्चा आहे. मूळ तत्त्व असे की सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याचा हक्क सर्वांना आहे, पण तो बिनशर्त नाही. जी इजा टाळता येण्यासारखी आहे ती दुसऱ्याला होऊ न देणे ही त्याची अट आहे. मग तपशील येतो. चालत्या जनावराने मागे लाथ झाडली किंवा शेपटी मारली तर स्वार जबाबदार नाही, कारण ते त्याच्या हातात नसते. पण जनावराने कोणाला तुडवले, डोक्याने धडक दिली, तर भरपाई स्वाराने द्यायची. समोरचे त्याला दिसत असते, लगाम त्याच्या हातात असतो.

एकोणिसाव्या शतकात उस्मानी साम्राज्याने आपला दिवाणी कायदा ‘मजल्ला’ या नावाने कलमवार लिहून काढला. १८६९ ते १८७६ या काळात, अहमद जौदत पाशा यांच्या देखरेखीखाली हे काम झाले. त्यात हेच तत्त्व ९२६ व्या कलमात आले आणि स्वाराचा तपशील ९३२ व्या कलमात.

याला मी वेगमर्यादा म्हणणार नाही. त्यात मैल नाहीत, किलोमीटर नाहीत. आधुनिक वाहतूकशास्त्र आमच्याकडे आधीच होते, असा दावा करण्याची मला हौसही नाही. पण ओझे कोणाच्या खांद्यावर आहे ते पाहा. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाने जीव वाचवत बाजूला व्हावे असे तिथे म्हटलेले नाही. जो बळकट आहे, उंचावर बसला आहे, ज्याच्या हातात लगाम आहे, त्याने सांभाळावे असे म्हटले आहे. जाण्याचा हक्क त्याला आहे, पण अटीसह. मोटार आल्यावर जगभर जे घडले, ते एका वाक्यात सांगायचे तर, ही अट उलटी झाली. वाट सोडण्याची जबाबदारी चालणाऱ्यावर आली.

ते कसे झाले याची सर्वांत चांगली नोंद ब्रिटनमध्ये सापडते. आपले मोटार कायदेही त्याच साच्यातून आले, म्हणून ती कथा आपल्या कामाची आहे.

१८६५ मध्ये ब्रिटिश संसदेने वाफेवर चालणाऱ्या रस्तागाड्यांसाठी कायदा केला. गावाबाहेर ताशी ४ मैल आणि वस्तीत ताशी २ मैल. गाडीच्या पुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे. ताशी २ मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटर, रमतगमत चालणाऱ्या माणसाहूनही कमी. आज या कायद्याची थट्टा होते, आणि त्यामागे घोडागाडी व रेल्वेवाल्यांचे हितसंबंध होते असेही म्हटले जाते. पण एक गोष्ट त्या कायद्याने स्पष्ट केली होती : वस्ती आली की वेग निम्मा.

पेट्रोलच्या मोटारी आल्या आणि श्रीमंतांना त्या हव्या होत्या. ऑगस्ट १८९६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची स्त्री मोटारीच्या धडकेने मेली. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या मोटारीखाली गेलेली ती पहिली पादचारी. चौकशीत तो अपघाती मृत्यू ठरला, आणि असे पुन्हा कधी घडू नये अशी आशा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यक्त केली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर १८९६ मध्ये, नवा कायदा लागू झाला. मर्यादा ताशी १४ मैल झाली, नियमांनी ती १२ वर आणली. १९०३ मध्ये ती २० मैलांवर गेली.

१९०३ च्या कायद्यात एक सोय होती, तिच्याकडे लक्ष द्यावे. एखाद्या ठिकाणी २० मैल हा वेग जास्त वाटला, तर तिथल्या स्थानिक संस्थेने वर अर्ज करायचा, आणि वरच्या मंडळाला पटले तर त्या जागेपुरती १० मैलांची मर्यादा लागू व्हायची. म्हणजे सर्वसाधारण वेग गाडीवाल्याच्या सोयीचा. ज्याला कमी हवा, त्याने कागद घेऊन दारोदार फिरावे.

पुढे गाड्या वाढल्या, २० मैलांची मर्यादा कोणी पाळेना. तेव्हा संसदेने १९३० मध्ये वेगळाच निष्कर्ष काढला. जो नियम पाळला जात नाही तो काढून टाकावा. मोटारींची वेगमर्यादाच रद्द झाली. कायद्याने सभ्य गृहस्थांच्या समजुतीवर विश्वास ठेवला. १९३४ या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. तेव्हाच्या गाड्यांची संख्या आजच्या मानाने किरकोळ होती, हे लक्षात घेतले तर हा आकडा किती मोठा आहे ते कळते. मेलेल्यांत चालणारे खूप होते.

मर्यादा परत आणण्याच्या विधेयकावर त्या वर्षी चर्चा झाली. मूर-ब्राबझन हे खासदार स्वतः जुने मोटारशौकीन होते. त्यांचा युक्तिवाद असा होता की पूर्वी आमच्या गाड्यांखाली कोंबड्या आणि कुत्री किती मरायची, आता ती बाजूला व्हायला शिकली आहेत. माणसेही शिकतील, प्रकरण आपोआप मार्गी लागेल. हे वाचून मी थांबलो. आपल्याकडे गल्लीत मूल गाडीखाली आले की पहिले वाक्य काय कानावर येते? “पोरांना रस्त्यावर सोडतातच कशाला?” नव्वद वर्षांत युक्तिवाद बदललेला नाही, फक्त कोंबड्यांचा उल्लेख गळला आहे.

विधेयक मंजूर झाले. १८ मार्च १९३५ पासून ब्रिटनमध्ये वस्तीच्या रस्त्यांवर ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, ही मर्यादा लागू झाली. पुढच्या वर्षीचा मृतांचा आकडा साडेसहा हजारांपर्यंत उतरला. आता मुद्द्याची गोष्ट : वस्तीचा रस्ता कोणता हे कसे ओळखायचे? कायद्याने सोपी खूण दिली. ज्या रस्त्यावर दिव्यांचे खांब दोनशे यार्डांपेक्षा जास्त अंतरावर नाहीत, तो वस्तीचा रस्ता. दिवे आहेत म्हणजे माणसे राहतात. माणसे राहतात म्हणजे मर्यादा आहे. त्यासाठी अर्ज करायला नको, ठराव नको, प्रत्येक गल्लीत पाटी नको. दिव्याचा खांब हीच पाटी.

मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल वाटतो, आकड्यापेक्षाही मोठा. १९०३ मध्ये सुरक्षितता मागावी लागत होती. १९३५ मध्ये ती गृहीत धरली गेली. सूट हवी असेल तर ती मागायची वेळ आता दुसऱ्या बाजूवर आली.

अर्थात आकड्याचा प्रश्न सुटला नव्हता. गल्लीसाठी ४८ किलोमीटरही फार आहे. हिशेब कोणालाही करता येतो. समोर मूल आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटरने गाडी त्या सेकंदात आठ-साडेआठ मीटर जाते, मग कोरड्या रस्त्यावर पाचेक मीटरांत थांबते. एकूण साडेतेरा मीटर धरा. ताशी ५० ने जाणारी गाडी त्या एका सेकंदातच जवळपास चौदा मीटर गेलेली असते. म्हणजे ज्या जागी पहिली गाडी पूर्ण थांबलेली असते, त्या जागी दुसऱ्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ती मुलावर पूर्ण ५० च्या वेगाने आदळते. फरक वीस किलोमीटरचा दिसतो. त्या मुलाच्या दृष्टीने तो असण्या-नसण्याचा आहे.

हे साधे गणित असूनही आकडे ठरवण्याची रीत बराच काळ वेगळी होती. अमेरिकेत रुजलेली आणि अनेक देशांनी उचललेली ती रीत अशी. रस्त्याच्या कडेला उभे राहून गाड्यांचे वेग मोजायचे. शंभरांतल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत चालतात, तो वेग पाहायचा आणि मर्यादा त्याच्या आसपास ठेवायची. यामागची समजूत अशी की बहुतेक चालक शहाणे असतात, त्यांना जो वेग योग्य वाटतो तोच योग्य. लांबच्या मोकळ्या रस्त्यावर यात काही तथ्य असेलही. पण वस्तीत याचा अर्थ काय होतो? मर्यादा किती असावी हे चालकाला विचारले जाते, तेही त्याच्या अॅक्सिलरेटरला. ओट्यावर बसलेल्या आजीचा, सायकल शिकणाऱ्या मुलाचा त्या मोजणीत आकडा कुठेच नसतो. भीतीने ज्या आईने मुलाला बाहेर सोडणेच बंद केले, ती तर रस्त्यावर दिसतच नाही. मग कागदावर तो रस्ता सुरक्षित ठरतो, कारण तिथे कोणी मेले नाही.

ही रीत मोडली ती नेदरलँड्समध्ये, आणि ती मोडणारे अभियंते एकटे नव्हते. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसे मेली, त्यांत चारशेहून जास्त लहान मुले होती. विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी त्यांतली एक. त्याने १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याच्या मथळ्याचा अर्थ होता ‘मुलांची हत्या थांबवा’. अपघात हा शब्द त्याने वापरला नाही. त्या मथळ्याच्या नावाने चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, वाहतूक अडवली, संसदेपर्यंत गेले.

त्याच सुमारास डेल्फ्ट शहरात राहत्या गल्ल्यांची रचना बदलण्याचे प्रयोग चालू होते. फुटपाथ आणि रस्ता यांतला भेद काढून टाकायचा. मध्येच झाडाची कुंडी, बाक, वळण ठेवायचे, म्हणजे गाडीला सरळ पळायला वाव उरत नाही. या गल्लीला नाव पडले ‘वूनर्फ’. डच भाषेत ‘वून’ म्हणजे राहणे आणि ‘एर्फ’ म्हणजे घरासभोवतीची जागा. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे : अंगण. १९७६ मध्ये तिथल्या कायद्याने या अंगणांना मान्यता दिली. त्यांत चालणाऱ्याला रस्त्याची पूर्ण रुंदी वापरता येते, मुलांना खेळता येते, आणि गाडीने माणसाच्या चालीने जायचे. १८६५ चा तो ‘हास्यास्पद’ वेग शंभर वर्षांनी जगातल्या एका पुढारलेल्या देशाने स्वखुशीने परत आणला, फक्त लाल निशाणाऐवजी झाडे लावून.

हा विचार पुढे पसरला. नोव्हेंबर १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत हँबर्गजवळच्या बुक्स्टेहुड गावात ताशी ३० किलोमीटरचा पहिला विभाग झाला. १९९२ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने सर्वच निवासी रस्त्यांवर ३० ची मर्यादा लावली, ५० फक्त मुख्य रस्त्यांवर ठेवली. सुरुवातीला निम्म्याहून कमी लोक याच्या बाजूने होते, अनुभव आल्यावर बहुसंख्य झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला जगभरच्या मंत्र्यांची रस्ता-सुरक्षा परिषद झाली. जिथे चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात तिथे ३० ची मर्यादा असावी, असे तिच्या जाहीरनाम्यात म्हटले गेले.

आता आपल्याकडे येऊ. भारतभर लागू झालेला पहिला मोटार कायदा १९१४ चा, मग १९३९ चा, मग आजचा १९८८ चा. कमाल वेगाचे तक्ते वर्षानुवर्षे गाडीच्या प्रकारावरून होते : मोटारसायकल किती, मोटार किती, ट्रक किती. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने रस्त्यांचे प्रकारही घातले. एक्स्प्रेस-वे, चौपदरी दुभाजित रस्ता, पालिका हद्दीतला रस्ता आणि इतर रस्ते. पालिका हद्दीत मोटारींना ७० आणि मोटारसायकलींना ६० ही कमाल मर्यादा ठरली. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द ठरवली, कारण वेग वाढवल्याने जीव जातात हे न्यायालयाला दिसत होते. पण मला दिसते ती अडचण त्याहून मुळाशी आहे. त्या तक्त्यात पालिकेचा सहापदरी रस्ता आणि मोहल्ल्यातली गल्ली एकाच ओळीत बसतात. राहण्याचा रस्ता असा प्रकारच तिथे नाही. दिव्याच्या खांबासारखी खूण आपल्या कायद्याने कधी घेतली नाही.

तरतूद नाही असे नाही. १९८८ च्या कायद्याच्या ११२ व्या कलमाने राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला एखाद्या भागात किंवा रस्त्यावर कमी मर्यादा लावता येते. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढायची आणि रस्त्यावर पाटी लावायची. १९३९ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे अधिकार आहे. पण तो १९०३ च्या ब्रिटनसारखा आहे, मागेल त्याला, आणि ज्याचा कागद वरपर्यंत पोचेल त्याला. मोठ्या शहरांतले काही पूल, वळणे, शाळांचे रस्ते यांना पाट्या मिळाल्या. मोहल्ल्यांपर्यंत कागद पोचला नाही.

आणि जिथे कागद पोचत नाही तिथे सिमेंट पोचते. आमच्या मोहल्ल्यात काही वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलाचा पाय बाइकखाली येऊन मोडला. त्या रात्री पोरांनी वर्गणी काढून मशिदीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन गतिरोधक घातले, वीतभर उंच आणि भिंतीसारखे उभे. महिन्याभरात त्यावरून स्कूटर उडून मागे बसलेल्या एका बाईंना पाठीची दुखापत झाली. बाळंतिणीला नेणारी रिक्षा तिथे कशी चालवायची हा रिक्षावाल्यांचा रोजचा प्रश्न झाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाचा आकार दिलेला आहे. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, ताशी २५ किलोमीटरने गाडी सहज ओलांडेल असा गोल उतार. आमच्याकडे त्याची उंची घेतली, रुंदी विसरली. मी आणि आणखी तिघे रीतसर अर्ज घेऊन कचेरीत गेलो. एका टेबलाने सांगितले पाटीचे काम पोलिसांचे, दुसऱ्याने सांगितले रस्ता पालिकेचा. अर्ज आजही कुठल्या तरी फायलीत असेल.

मी पोरांना दोष देत नाही. त्यांचा गतिरोधक म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेले ११२ वे कलम होते. वेगाचा निर्णय आमच्या हातात असावा, एवढेच ते सांगत होते. पण सिमेंटच्या भिंतीला भाषा नसते. ती सुसाट बाइकला अडवते आणि अँब्युलन्सलाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. आमच्या गल्लीतून वेगाने जाणारे परके असतात का? बहुतेक वेळा नसतात. सायलेन्सर काढलेली बाइक आमच्याच घरातली असते. दहा मिनिटांत सामान पोचवायचे म्हणून जीव मुठीत धरून पळणारा डिलिव्हरीवाला आमच्यातलाच असतो. त्याच्या वेगाचा हिशेब कोणी वेगळाच मांडलेला असतो, आणि उशीर झाला तर कमाई त्याची जाते. परवा शेजारच्या मोहल्ल्यातून आपण कोणत्या वेगाने गेलो, हे आपल्याला आठवतही नाही. आपल्या गल्लीत आपण रहिवासी असतो, दुसऱ्याच्या गल्लीत वाटसरू.

वेल्समध्ये हेच दिसले. १७ सप्टेंबर २०२३ पासून तिथल्या सरकारने वस्तीतल्या रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा ३० मैलांवरून २० मैलांवर, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरवर आणली. १९३५ चीच रीत, खांबांच्या खुणेसह, आकडा तेवढा कमी. विरोधाच्या याचिकेवर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या, तीस-एकतीस लाख वस्तीच्या देशात. पुढच्या वर्षभरात या रस्त्यांवरच्या मृत आणि जखमींची संख्या सुमारे चौथाईने कमी झाल्याचे अधिकृत आकडे आले. काही रस्ते पुन्हा ३० वर नेण्याची मुभाही स्थानिक संस्थांना दिली गेली. सह्या करणारेही कुठल्या तरी गल्लीत राहतात, त्यांनाही मुले आहेत. पण सही करताना ते स्टिअरिंगमागे बसलेले होते. म्हणून हा निर्णय एकेका रस्त्याच्या अर्जावर सोपवून चालत नाही. प्रत्येकाला फक्त स्वतःच्या दारासमोर मर्यादा हवी असते. सर्वांच्या दारासमोर ती हवी असेल, तर ती सर्वांसाठी एकदमच ठरवावी लागते.

२०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर दिवशी जवळजवळ नव्वद. हे सारे गल्ल्यांत मेले नाहीत, पण पायी चालणारा हा आपल्या देशात बहुधा गरीब असतो, आणि दाट वस्तीत राहणारा असतो. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, मिरज, कुठेही जा. मोकळे मैदान नाही, बाग नाही. जे अंगण आहे ते म्हणजे हीच गल्ली. लग्नाचा मांडव तिथे, मय्यतीची गर्दी तिथे, ईदच्या दिवशी मुलांच्या उड्या तिथे. आपल्या मोहल्ल्यांत वूनर्फ आणायचे नाही, ते आहेच. फक्त कायद्याला ते दिसत नाही.

तर मागायचे काय? माझ्या मते एक गतिरोधक मागू नये, एक पाटीही मागू नये. पालिकेच्या सभेत असा ठराव मागावा की अमुक रुंदीखालच्या सर्व निवासी रस्त्यांवर ताशी २० किंवा ३० किलोमीटरची मर्यादा असावी, आणि सरकारने ११२ व्या कलमाखाली ती एकाच अधिसूचनेने लावावी. कलमात रस्त्याबरोबर भागाचाही उल्लेख आहे, तो याच कामासाठी. प्रवेशाच्या तोंडाशी पाटी, आत मानकाप्रमाणे उतार. मोहल्ला आमचा की बाजूची आळी दुसऱ्यांची, हा भेद त्यात येणारच नाही. दोन्हीकडची मुले एकाच आकड्याने वाचतील. अशी मागणी मशीद कमिटी आणि शेजारच्या आळीतले मंडळ मिळून घेऊन गेले, तर कोणत्या टेबलाला ती टाळणे सोपे जाईल?

आणि ठराव होईपर्यंत एक गोष्ट आपल्या हाती आहेच. रस्त्यातली इजा दूर करणे हा ईमानचाच भाग आहे, ही शिकवण आपण लहानपणी मक्तबमध्ये पाठ केली आहे. काटा, दगड, काचेचा तुकडा अशी उदाहरणे तेव्हा दिली जात. आज गल्लीतली सर्वांत मोठी इजा बहुधा आपल्याच मुठीत असते, उजव्या हाताच्या. जुम्याच्या तकरीरमध्ये कोणी इमामसाहेबांनी एकदा हे सांगावे. हिदाया त्यांनी वाचलेली आहे. लगाम ज्याच्या हातात, समोरच्याची जबाबदारी त्याच्यावर, एवढेच सांगायचे आहे.